स्वतःचा तोल सांभाळणारा टायर: या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

टायर कंपनीत मुलाखतीला आलेल्या मुलामुलींना कुठल्या विषयावर काम करायला आवडेल असं विचारलं, की 'सेल्फ-बॅलन्सिंग टायर' हे उत्तर बरेचदा ऐकू येतं. मला ते आवडतं. मीही मेकॅनिकलची पदवी घेऊन याच ओढीने रबराच्या धंद्यात आले. मात्र 'टायरमध्ये मणी टाकायचे किंवा जेल भरायची, ती आपोआप योग्य जागी जाते' यापुढे बहुतेकांची तयारी गेलेली नसते. खरं काम तिथून पुढे सुरू होतं, म्हणून हे लिहिते आहे.

बॅलन्सिंग, म्हणजे चाकाची एक बाजू जड असेल तर समोर वजन लावून तो असमतोल भरून काढणं, आपण सगळ्यांनीच टायरच्या दुकानात पाहिलेलं आहे. मशीनवर चाक फिरतं, पडद्यावर आतल्या बाजूला ३०, बाहेरच्या बाजूला १० असे ग्रॅमचे आकडे येतात, आणि कारागीर तेवढी वजनं रिमवर ठोकतो किंवा चिकटवतो. पुढे टायर झिजतो, एखादं वजन खड्ड्यात गळून पडतं, आणि ताशी ८०-९० ला स्टेअरिंग पुन्हा थरथरू लागतं. शिवाय ही वजनं पूर्वी सरसकट शिशाची असत. युरोपीय संघाने २००५ पासून कारसाठी शिसं बंद केलं आणि जस्त-पोलादाची वजनं आली. मग टायरच्या आतच सुटं वस्तुमान ठेवलं आणि त्यानेच आपली जागा शोधली तर? ही कल्पना जुनी आहे. मॉरिस लब्लाँ या फ्रेंच अभियंत्याला फिरत्या वस्तूंच्या स्वयंचलित संतुलनाचं अमेरिकन पेटंट १९१६ मध्ये मिळालं. घरातल्या टॉप-लोड वॉशिंग मशीनच्या टबावर वरच्या कडेला मिठाचं पाणी भरलेलं कडं असतं, तेही याच तत्त्वावर चालतं.

आता थोडं गणित. ते टाळून या विषयात कोणालाही पुढे जाता येत नाही.

१५ इंची रिमवर ३० ग्रॅमचा असमतोल आहे आणि टायरची त्रिज्या ०.३ मीटर आहे असं धरा. ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदाला जवळजवळ १५ फेरे घेतं आणि त्या ३० ग्रॅममुळे सुमारे ५० न्यूटन, म्हणजे ५ किलो वजनाइतकं बल निर्माण होतं. ते सेकंदाला १५ वेळा वर-खाली दणके देत राहतं. वेग निम्मा केला की बल पाव होतं, म्हणून शहरात काही जाणवत नाही.

सुटं वस्तुमान जड जागेच्या समोर जाऊन बसतं, हे मात्र एका अटीवर. सस्पेन्शनवर टांगलेल्या चाकाला स्वतःची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते, म्हणजे धक्का दिला की ते सेकंदाला ठरावीक वेळा वर-खाली हलतं. फिरण्याचा वेग तिच्या खाली असेल तर चाक जड बाजूकडे सरकतं आणि सुटे मणीही तिकडेच धावतात, म्हणजे थरथर वाढते. वेग तिच्या वर गेला की कला (फेज) १८० अंशांनी उलटते, म्हणजे चाक जड बाजूच्या विरुद्ध दिशेला सरकतं, आणि मगच मणी हलक्या बाजूला जातात. कारच्या चाकासाठी ही कंपनसंख्या साधारण १० ते १५ हर्ट्झ (सेकंदाला तितकी कंपनं) असते. १२ धरली तर वरच्या टायरसाठी हा उंबरठ्याचा वेग ताशी ८० च्या आसपास येतो. हेच गणित ट्रकला लावा. त्रिज्या अर्धा मीटर, कंपनसंख्या १० हर्ट्झ, म्हणजे उंबरठा ताशी ११० च्या पुढे गेला. आपल्याकडे मालवाहू ट्रकला ८० ची मर्यादा आहे. म्हणून ट्रकच्या टायरमधल्या मण्यांबद्दल केलेले मोठे दावे मी चाचणीचे आलेख पाहिल्याशिवाय मान्य करत नाही, आणि तुम्हीही करू नका. टायरचा अभियंता म्हणून सस्पेन्शन शिकावंच लागतं ते यासाठी.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर कॉलेजातच एक रिग, म्हणजे प्रयोगाची छोटी मांडणी, करा. पारदर्शक अॅक्रिलिकचं गोल कडं, त्यात थोडं तेल आणि बेअरिंगमधल्या दोन पोलादी गोळ्या, खाली मोटर, आणि सगळं चार स्प्रिंगांवर. कड्याला एका बाजूला एक नट चिकटवा आणि वेग हळूहळू वाढवत मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये टिपा. सुरुवातीला दोन्ही गोळ्या नटाच्या बाजूला गोळा होतात आणि रिग टेबलावर नाचते. एका वेगाला ती अगदी बेफाम होते. त्याच्या पुढे गेलात की गोळ्या कड्यावरून सरकत पलीकडे जातात, नटाच्या समोर दोन बाजूंना थांबतात आणि थरथर जवळजवळ नाहीशी होते. नट काढून पुन्हा चालवलं तर त्याच गोळ्या एकमेकींच्या बरोब्बर समोर उभ्या राहतात, कारण आता भरून काढायला काही उरलेलं नसतं. मी हे अनेकदा पाहिलंय आणि अजूनही बघताना आनंद होतो.

मग तेच कडं किंचित लंबगोल करून पाहा. गोळ्या असमतोलाची पर्वा न करता सगळ्यात लांबच्या जागी जाऊन बसतात. टायरची खरी अडचण इथे आहे. वरच्या ३० ग्रॅमच्या असमतोलामुळे ४० किलोचं चाक उंबरठ्याच्या बरंच वर फिरताना मूळ अक्षापासून सरकतं ते जेमतेम ०.१४ मिलिमीटर. टायरच्या आतल्या पृष्ठभागाची गोलाई मात्र सहज १ मिलिमीटरने चुकलेली असू शकते. सुट्या वस्तुमानाला आधी ती चूक दिसते. थोडक्यात, आतून गोल टायर बनवता आला नाही तर आत काय भरलं याला फारसा अर्थ उरत नाही.

म्हणून नवीन माणसाने पहिले काही महिने टायर बिल्डिंगच्या मशीनजवळ काढावेत असं माझं ठाम मत आहे. ड्रमवर आधी इनर लायनर (हवा धरून ठेवणारा आतला थर) गुंडाळला जातो, त्यावर प्लाय (धाग्यांचा थर), मग बीड (रिमवर बसणारी तारेची कडा), बेल्ट (ट्रेडखालचा तारांचा पट्टा), शेवटी ट्रेड (रस्त्याला टेकणारा थर). प्रत्येक थराला कुठेतरी जोड येतो. लायनरची दोन टोकं एकमेकांवर चढतात तिथे पायरी तयार होते. हे सगळे जोड एकाच बाजूला आले तर तिथे टायर जडही होतो आणि कडकही, म्हणून ते परिघावर वाटून द्यायचे असतात. ऑपरेटर जोड दाबताना अंगठा कसा फिरवतो, थर किती ताणतो, हे नीट बघा. ड्रॉइंगमध्ये ते कुठेच लिहिलेलं नसतं. त्यांना 'दादा, हा जोड इथेच का घेतला?' असं विचारलं तर बहुतेक जण मनापासून समजावतात.

क्युअरिंग प्रेसमधून, म्हणजे कच्चा टायर साच्यात तापवून पक्का करणाऱ्या यंत्रातून, बाहेर आलेला टायर युनिफॉर्मिटी मशीनवर जातो; फिरताना टायरचं बल किती बदलतं ते तिथे मोजतात. नव्या टायरवर लाल आणि पिवळे ठिपके दिसतात ते तपासणीनंतरचे. लाल ठिपका रेडियल (त्रिज्येच्या दिशेच्या) बलातला चढ सर्वाधिक असलेली जागा दाखवतो, पिवळा ठिपका हलकी जागा. यातला फरक पक्का करा. बलातला हा चढउतार कडकपणामुळे आणि गोलाईतल्या दोषामुळे येतो. वजन, मणी, जेल यातलं काहीही तो घालवू शकत नाही. 'बॅलन्सिंग करूनही गाडी थरथरते' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

जेलचा मार्ग मला मण्यांपेक्षा जास्त आश्वासक वाटतो. अशी जेल ताण ठरावीक मर्यादेच्या आत असेल तोवर घट्ट राहते आणि कंपनाने सैल होऊन वाहते. दोन शोल्डरखाली (ट्रेडच्या दोन्ही कडांखाली) तिचे दोन पट्टे दिले तर चाकाच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही प्रतलांतला असमतोल भरून काढायची शक्यता राहते. पण कारखान्यात ती लावणं सोपं नाही. प्रेसमध्ये ब्लॅडरला (टायर आतून साच्यावर दाबणाऱ्या रबरी पिशवीला) टायर चिकटू नये म्हणून आत सिलिकोनचं रिलीज एजंट मारलेलं असतं. त्यावर पट्टा सारखा बसत नाही, आधी पृष्ठभाग साफ करावा लागतो. खनिज तेलावरची जेल असेल तर ब्युटिल रबराचा लायनर फुगतो. पंक्चरवाल्याचा पॅच जेल लागलेल्या जागी धरत नाही. मण्यांच्या अडचणी वेगळ्या आहेत. कॉम्प्रेसरच्या हवेतल्या ओलाव्याने त्यांचे गोळे होतात आणि व्हॉल्व्हमध्ये एखादा अडकला की हवा हळूहळू उतरते. डिझाइन करताना शेवटी हा टायर पंक्चरच्या दुकानात कोण उघडणार आहे, त्याचाही विचार करा.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. मेकॅनिकलवाल्यांनी रबर शिकावं, पॉलिमरवाल्यांनी कंपनशास्त्र. मुंबईच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) पॉलिमर अभियांत्रिकी आहे, आयआयटी खरगपूरला रबर टेक्नॉलॉजीचं केंद्र आहे, आणि नोकरी करता करता इंडियन रबर इन्स्टिट्यूटची डीआयआरआय ही पदविका परीक्षा देता येते. नोकऱ्यांसाठी फार लांब पाहायला नको. नाशिक, चाकण, वाळूज, बुटीबोरी आणि गोव्यात उसगाव इथे टायरचे कारखाने आहेत. पुण्याची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था गाड्यांच्या चाचण्यांसाठी आहेच. सुरुवातीला क्वालिटी किंवा प्रोसेसमध्ये जागा मिळाली तर नाराज न होता घ्या. थेट डिझाइनमध्ये बसलेल्यांना जोड आणि गोलाई कळायला बराच उशीर लागतो.

आणि चाचणी लावायची वेळ येईल तेव्हा एक गोष्ट आग्रहाने मागा. गाडी रात्रभर एका जागी उभी ठेवा. जेल किंवा मणी खाली बसू द्या. सकाळी गार टायरवर निघाल्यापासूनचे पहिले काही किलोमीटर वेगळे नोंदवा आणि उंबरठ्याचा वेग ओलांडतानाची कंपनं त्यात असू द्या. मग ताशी ९० वरून कडक ब्रेक लावा, पुन्हा वेग घ्या, आणि वस्तुमानाला परत जागेवर यायला किती सेकंद लागले ते मोजा. प्रात्यक्षिकात बहुतेक वेळा टायर तापल्यानंतरचा एकसारख्या वेगाचा तुकडाच दाखवला जातो. गाडी चालवणाऱ्याला मात्र रोज सकाळचे हे पहिले किलोमीटर पार करूनच पुढे जायचं असतं.