नदीबंदराचा वीस वर्षांचा आराखडा करताना या चुका टाळा

आराखड्याच्या पहिल्या पानावर नव्या धक्क्याचं रंगीत चित्र आणि नदीच्या खोलीचा तक्ता शेवटच्या परिशिष्टात, असं दिसलं की तो आराखडा मागून वाचायला घ्यावा. बहुतेक चुका तिथेच सापडतात. समुद्रबंदराच्या नियोजनातून उचललेली गृहीतकं नदीवर चालत नाहीत, कारण नदीची पातळी हंगामागणिक बदलते आणि पात्रही जागा बदलतं.

सरासरी खोलीवर विसंबणं

"वार्षिक सरासरी खोली ३ मीटर" हा आकडा नियोजनासाठी जवळपास निरुपयोगी आहे. सरासरीवर बार्ज (मालवाहू सपाट बोट) चालत नाही, त्या दिवशीच्या पाण्यावर चालते. विचारायचा प्रश्न असा: वर्षातले किती दिवस, सलग किती दिवस आणि नेमकं कुठे पाणी कमी पडतं?

'कुठे' याचं उत्तर बरेचदा बंदराच्या हद्दीबाहेर असतं. र्‍हाइन नदीवर मानहाइम किंवा बाझेलला जाणाऱ्या बार्जमध्ये किती माल भरायचा, हे कोरड्या दिवसांत काउब नावाच्या छोट्या जर्मन गावाजवळचा उथळ पट्टा ठरवतो. ऑक्टोबर २०१८मध्ये काउबच्या पातळीपट्टीवर (पाण्याची उंची मोजणाऱ्या पट्टीवर) २५ सेंटिमीटर एवढीच नोंद झाली. वरच्या अंगाच्या बंदरांत धक्क्याशी कितीही खोल पाणी असलं, तरी बार्जेस अर्ध्यामुर्ध्या भरूनच न्याव्या लागल्या.

इथे आणखी एक गफलत होते. पट्टीवरचा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. पट्टीचा शून्य नदीच्या तळाशी असेलच असं नाही. काउबला पट्टी साधारण ७८ सेंटिमीटर दाखवते, तेव्हा नौकामार्गात १.९ मीटर पाणी धरलं जातं. अमेरिकेत मिसिसिपी नदीवर मेम्फिसला तर ऑक्टोबर २०२२मध्ये पातळी उणे १० फुटांच्याही खाली गेली होती, आणि तरी नदी वाहतच होती. दोन वेगळ्या पट्ट्यांचे आकडे एकाच आलेखात टाकलेले आराखडे असतात. ते दिसले तर पुढचं वाचण्याआधी दोन्ही शून्य कशावरून मोजलेत ते विचारा.

तोटा किती होतो, याचा अंदाज कागदावर करता येतो. ११० मीटर लांब आणि ११.४ मीटर रुंद बार्जचा ड्राफ्ट (बोटीचा पाण्याखाली बुडणारा भाग) १० सेंटिमीटरने कमी करावा लागला, तर सुमारे शंभर टन माल धक्क्यावरच राहतो. अर्धा मीटर घटला तर पाचशे टनांच्या पुढे. हा हिशेब कोरड्या वर्षाच्या प्रत्येक आठवड्यासाठी मांडला, की धक्क्याची लांबी वाढवायची की उथळ जागेवर खर्च करायचा, की कमी ड्राफ्टच्या बार्जेस वापरणाऱ्यांना सवलत द्यायची, हे ठरवणं सोपं जातं.

गाळ एकदाच काढायचा असतो, असं समजणं

ड्रेजिंगची (गाळ उपसण्याची) रक्कम भांडवली खर्चात एकदाच दाखवलेली असेल तर आराखडा परत पाठवावा. गाळ दरवर्षी येतो, म्हणजे खर्चही दरवर्षी येतो.

हुगळीवरचं कोलकाता बंदर हे याचं मोठं उदाहरण. गंगेचं पाणी वळवून हुगळीतला गाळ वाहून जावा, म्हणून फरक्का बंधारा बांधला. तो १९७५मध्ये कार्यान्वित झाला. मोठ्या जहाजांसाठी खालच्या अंगाला हल्दियाची गोदी १९७७मध्ये सुरू झाली. तरीही ड्रेजिंग दोन्हीकडे सुटलेलं नाही. यावरून बंधारा चुकला असा निष्कर्ष काढू नये. नदीच्या प्रश्नाला एका बांधकामाने पूर्णविराम मिळेल, ही अपेक्षाच चूक.

एकाच जागी दरवर्षी गाळ वाढत असेल तर कंत्राटाची रक्कम वाढवण्याआधी तीन गोष्टी तपासा. काढलेला गाळ नेमका कुठे टाकला जातो? तो वरच्या अंगाला टाकत असाल, तर तोच पुन्हा उपसताय. धक्क्याचं तोंड वळणाच्या आतल्या बाजूला तर नाही? तिथे प्रवाह मंदावतो आणि वाळू बसते. आणि वरच्या अंगाला एवढ्यात कुणी किनाऱ्याची भिंत किंवा पुलाचे खांब उभारलेत का?

पुलाखालून माल जाईल की नाही, हे शेवटी पाहणं

कंटेनरचे दोन थर नेणाऱ्या बार्जला पुलाखाली साधारण ५.२५ मीटर, तीन थरांना ७ मीटर आणि चार थरांना ९.१ मीटर उंची लागते, असं युरोपीय जलमार्गांचं वर्गीकरण सांगतं. ही उंची पाणी चढलेलं असताना मोजायची. उन्हाळ्यात मोजलेली उंची पुराच्या दिवसांत उपयोगी पडत नाही.

मालाचा अंदाज सरळ रेषेत वाढवणं

मागच्या पाच वर्षांची वाढ पुढच्या वीस वर्षांवर चिकटवणं सोपं असतं. आधी माल कुणाचा आहे ते पाहा. निम्मा माल एकाच कारखान्याचा किंवा एकाच वीजकेंद्राचा असेल, तर तुमचं भवितव्य त्यांच्या बैठकीत ठरतं. जर्मनीतल्या डुइसबर्ग नदीबंदरात कोळशासाठी राखलेल्या बेटावर आता कंटेनर टर्मिनल उभं राहिलं आहे. कोळसा कमी होणार हे वेळेवर मान्य केलं, म्हणून त्या जागेचा दुसरा उपयोग करता आला.

परतीचा माल कुणीच मोजत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. भरून गेलेली बार्ज रिकामी आली, तर स्वस्त जलवाहतुकीचा हिशेब कोलमडतो. शिवाय माल ट्रकमधून बार्जमध्ये आणि पुन्हा बार्जमधून ट्रकमध्ये चढवण्या-उतरवण्याचा खर्च अंतर कमी असलं तरी तेवढाच लागतो. म्हणून जवळच्या पल्ल्यात ट्रकच जिंकतो.

जमीन 'रिकामी' समजून देऊन टाकणं

सार्वजनिक बंदराचा खरा ठेवा म्हणजे पाण्याला लागून असलेली जमीन. क्रेन पुन्हा विकत घेता येते, किनारा घेता येत नाही. लंडनमध्ये १८२८मध्ये सुरू झालेली सेंट कॅथरिन गोदी १९६८मध्ये बंद झाली, आणि १९८१पर्यंत शहराजवळच्या रॉयल गोद्याही थांबल्या. कंटेनरच्या मोठ्या जहाजांना तिथे जागाच नव्हती, काम थेम्स नदीच्या खालच्या अंगाला टिल्बरी बंदराकडे गेलं. जुन्या गोद्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, याला मी चूक म्हणणार नाही. पण त्याच थेम्सवर बांधकामसाहित्यासारख्या मालासाठी काही धक्के नियोजनाच्या नियमांनी राखून ठेवावे लागले, कारण विकासकाच्या किमतीपुढे वाळूचा धक्का कधीच टिकत नाही.

दीर्घ भाडेपट्टा देताना किमान मालहाताळणीची अट घाला, आणि ती सलग काही वर्षं पाळली नाही तर जमीन परत घेण्याचं कलमही. रेल्वेची जुनी सायडिंग (धक्क्याकडे येणारा बाजूचा रूळ) उखडण्याआधी दोनदा विचार करा.

टप्पे तारखांना बांधणं

"२०३२मध्ये दुसरा धक्का" असं लिहिलं की तो गरज नसतानाही बांधला जातो, किंवा गरज असूनही २०३२ची वाट पाहिली जाते. टप्पा वापराला बांधा. बार्जेस कधीही येत असतील आणि धक्का एकच असेल, तर रांगेच्या साध्या गणितानुसार तो ५० टक्के व्यग्र असताना सरासरी थांबण्याचा वेळ माल हाताळायला लागणाऱ्या वेळाइतका असतो, आणि ७५ टक्क्यांना त्याच्या तिप्पट होतो. म्हणून "धक्का अजून चतुर्थांश रिकामा आहे" हे समाधान फसवं. बांधकामाला किती वर्षं लागतील ते मागे मोजून, धक्का किती टक्के व्यग्र झाला की काम सुरू करायचं ते आराखड्यात लिहून ठेवा.

फेरआढाव्याची बैठक पूर ओसरल्यावर, पात्राचं नवं सर्वेक्षण हातात असताना घ्या. आर्थिक वर्षाच्या सोयीने घेतली तर चर्चा मागच्या वर्षीच्या नदीवर होते.