वायंगणातील भेंडी: पिवळे पान दिसताच आधी शिरा पाहा

वायंगणात, म्हणजे भातकापणीनंतरच्या हंगामात, लावलेल्या भेंडीवर, ऊन वाढून हवा कोरडी होऊ लागली की पांढऱ्या माशीची संख्या वाढते आणि तिच्यामार्फत पिवळ्या शिरांचा मोझॅक, म्हणजेच हळद्या हा विषाणुजन्य रोग मळ्यात शिरतो. पान पिवळे दिसताच औषधाच्या दुकानाकडे वळण्यापूर्वी शेंड्याजवळचे कोवळे पान सकाळच्या उन्हासमोर धरून पाहावे. हळद्यात मुख्य शिरेपासून बारीक उपशिरांपर्यंत पिवळे जाळे उमटते आणि मधला भाग सुरुवातीला हिरवाच राहतो. लोहाची कमतरता असल्यास नेमके उलटे, शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट होतो. नत्र कमी पडले तर खालची जुनी पाने सरसकट पिवळी होतात, तर तुडतुड्यांमुळे पानांच्या कडा पिवळ्या पडून वर वळतात. रोग बळावल्यावर पूर्ण पान पिवळे होते आणि भेंडी आखूड, फिकट व राठ निघते.

हळद्या झालेले झाड कोणत्याही फवारणीने बरे होत नाही, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक वाटते, कारण त्यावर होणारा खर्च वाया जातो. पहिल्या महिनाभरात लागण झाल्यास नुकसान सर्वाधिक होते; म्हणून त्या काळात एक दिवसाआड सकाळी लवकर, माशी सुस्त असताना, पानांची खालची बाजू तपासावी. रोगट झाड पिशवीने झाकून मुळासकट उपटावे व पुरून टाकावे. पिवळे चिकट सापळे पिकाच्या उंचीच्या किंचित वर लावावेत आणि ५ टक्के निंबोळी अर्क पानांखाली पोहोचेल असा फवारावा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील रासायनिक कीटकनाशके पुन्हापुन्हा वापरल्यास पांढरी माशी उलट वाढते. नत्राचा अतिरेकही टाळावा.

आपल्याकडे टप्प्याटप्प्याने लागवड होते, आणि तोडा संपलेले जुने पीक शेजारी उभेच राहते, ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे, कारण तेथूनच माशी नव्या रोपांवर विषाणू आणते. जुने पीक आणि बांधावरचे तण आधी काढावे, मगच नवे बी टोकावे.

परभणी क्रांती, अर्का अनामिका हे वाण या रोगाला प्रतिकारक म्हणून निवडले गेले होते, तरी त्यांचीही तपासणी सोडू नये. गोव्यातील शाकेच्या जुव्यात, म्हणजे सांत इस्तेव्ह बेटावर, पिढ्यान्‌पिढ्या जपलेली सात शिरांची भेंडी लावणाऱ्यांनी मात्र वाण बदलण्याची घाई न करता, आतापर्यंत हिरव्या राहिलेल्या झाडांना आताच दोरा बांधून, त्यांतील शेवटपर्यंत हिरव्या राहतील त्यांचेच बी राखावे. निदानाबाबत शंका असल्यास ताजी पाने घेऊन विभागीय कृषी कार्यालयात दाखवावीत.