इंजिनाची गादी धुताय? आधी काट्यावर ठेवा

जून उजाडला की बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमच्या शेडसमोर मासेमारीच्या ट्रॉलरची इंजिनं घाट चढून येऊन पडतात. १ जून ते ३१ जुलै, कर्नाटकात आणि गोव्यात मासेमारीबंदीचे ६१ दिवस ट्रॉलर बंदरात, तेवढ्यात ओव्हरहॉल उरकायचं. नेमका तेव्हाच बेळगावचा पाऊस उसंत देत नाही. क्रँक, लायनर, टर्बो सगळ्यांची काळजी होते. एक्झॉस्टवरची लॅगिंगची गादी, म्हणजे उष्णता अडवायला गुंडाळलेली काचलोकरीची रजई, मात्र काढली की कोपऱ्यात, चिखलाच्या बुटांखाली. महिन्याने उचलायची, झटकायची, तारेने आवळायची, झालं काम!

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तेल प्यालेली गादी धुऊन परत वापरणं. चार वर्षांमागची गोष्ट. बैलहोंगलकडचा एक पोरगा नवीन आला होता, हुशार, पण घाई फार. मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांमधला धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या नळीच्या) गादीवर तेलाचे डाग दिसले म्हणून त्याने ती बादलीभर डिझेलात बुचकळली. ग्रीस डिझेलने निघतं ना, मग गादी का नाही? दोन दिवस छपराखाली टांगली आणि मला सांगितलं, ‘वणग्याद्री, मामा.’ वाळली म्हणे. वरून हात लावला तर खरंच कोरडी. मीही घाईत होतो, बसवू दिली.

टेस्टबेडवर, म्हणजे इंजिन चालवून तपासायच्या चौथऱ्यावर, लोड घेऊन पाऊण तासाने इंजिन बंद केलं. पाच मिनिटांनी गादीच्या खालच्या शिवणीतून धुराची बारीक रेघ. ‘अरे, काय करायलास!’ म्हणेपर्यंत पोराने गादी ओढून उघडली. आत नुसतं धुमसत होतं, हवा लागली आणि भडका उडाला. त्याच्या भुवया गेल्या. दुसरा एकजण पाण्याची बादली घेऊन धावला, त्याला मी शिवी देऊन थांबवलं. तापलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डवर गार पाणी म्हणजे तडा ठरलेलाच. पावडरचं सिलिंडर मारून विझवलं.

डिझेल २१० ते २५० अंशांच्या आसपास ठिणगीशिवाय पेटतं, आणि एक्झॉस्ट सहज ४०० च्या घरात असतो. पण गादीतलं तेल त्याहून खोडकर. ते काचेच्या तंतूंवर पातळ पसरतं, हवेशी मिसळून स्वतःच तापत जातं, आणि ती उष्णता बाहेर पडायला वाट नसते. म्हणून ते आणखी कमी तापमानालाही धुमसू लागतं. ते पाण्याने, साबणाने, रॉकेलने, कशाने म्हणजे कशानेही पुरतं निघत नाही. गादी फेका, आणि तेल कुठून आलं ती गळती आधी शोधा.

माझी सवय सांगतो. नवी गादी बसवायच्या आधी वजन करून पत्र्याच्या बिल्ल्यावर ठोकतो. काढल्यावर पुन्हा काट्यावर. एक किलो नऊशेची गादी दोन किलो तीनशे भरली तर वाद संपला. वजन ठाऊक नसेल तर खालची बाजू वर्तमानपत्रात दाबून बघा. तेल खालीच उतरतं, वरची बाजू फसवते.

नुसती धूळ असेल तर मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम, वरचं सिलिकॉनचं कापड ओल्या फडक्याने पुसायचं. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तंतू सगळ्या शेडच्या छातीत जातात. आत पाणी शिरून बसलेली काचलोकर पुन्हा फुगत नाही. थोडी दमट असेल तर मी शेजारच्या फौंड्रीत कोअर ओव्हनच्या भिंतीला टेकवून ठेवतो, पावसाळ्यात दुसरा उपाय नाही. खारं पाणी मुरलेली गादी स्टेनलेसच्या बेलोजवर (एक्झॉस्टच्या लवचीक, घड्यांच्या नळीवर) घालूच नका, मिठातल्या क्लोराइडने तापलेल्या बेलोजला बारीक भेगा पडतात.

दुसरी चूक टेंपरेचर गनची, म्हणजे न शिवता तापमान मोजणाऱ्या यंत्राची. सोलासचा, म्हणजे जहाजसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, नियम मोठ्या जहाजांसाठी आहे: २२० अंशांवर जाणारा आणि ज्यावर इंधन उडू शकेल असा भाग झाकलेला हवा. ट्रॉलरला तो लागू नाही, पण ते डिझेलला कोण सांगणार? मग पोरं चकचकीत पत्र्यावर गन धरतात, ९० दाखवते, आणि तांडेलला सांगतात, सगळं गार. चकचकीत पत्रा स्वतःची उष्णता कमीच फेकतो, गनला दिसतं ते बरंचसं आजूबाजूचं प्रतिबिंब. मी अगोदरच रुपयाएवढा काळा, मॅट, उष्णता सोसणाऱ्या रंगाचा ठिपका लावून वाळवतो आणि तिथेच मापतो. फ्लँज, थर्मोकपलची (तापमापकाची) बसायची बॉस, दोन गाद्यांचा सांधा, हे आधी. मधला भाग सगळ्यांचाच गार असतो.

बाकीचं थोडक्यात. जस्त चढवलेली तार नको, जस्त ४१९ अंशांना वितळतं, स्टेनलेसची घ्या. टर्बोच्या टर्बाइन बाजूलाच गादी, बेअरिंग हाउसिंग गुंडाळलं तर आतलं तेल जळून कोळसा होतं. जुन्या इंजिनावरची पांढरी दोरी किंवा लेप दिसला तर हात लावू नका. जहाजांवर नवीन अ‍ॅस्बेस्टॉसला पूर्ण बंदी १ जानेवारी २०११ पासूनची, त्याआधीचं काय आहे ते डोळ्यांनी ओळखता येत नाही. लॅबला नमुना पाठवायचा, तोवर ते इंजिन ताडपत्रीखाली.

आणि नवी गादी पहिल्यांदा तापली की थोडा धूर येतोच, आतला बाइंडर जळतो. म्हणून पहिल्या लोडला शटर उघडं ठेवतो आणि इंजिन बंद केल्यावर अर्धा तास तिथून हलत नाही. पोरांना चहाला पाठवतो, सिलिंडर घेऊन स्टुलावर मी बसतो.