रोजची भाकर रोजच: पवित्र शास्त्रातून धीर कसा घ्यायचा

सकाळी सात वाजले की आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर सूर्योदयाचा फोटो येतो, त्यावर पिवळ्या अक्षरात पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक वचन, कोपऱ्यात दोन कबुतरं, मग पंधरावीस जण आमेन टाकतात आणि विषय संपतो. मी पण टाकते, खोटं कशाला बोलू. पण साडेअकराला साहेब सगळ्यांसमोर झापतात ना, तेव्हा ते सकाळचं वचन कुठे असतं? मला तरी आठवत नाही. म्हणून मी काय करते ते सांगते, मी काही पाळकीणबाई नाही, नगरची मुलगी, लग्नानंतर पिंपरीत, घर आणि नोकरी करता करता जे जमतं तेवढंच.

दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. शुक्रवारी दुपारी मीटिंगला बोलावलं आणि सोमवारपासून येऊ नका, एवढंच. त्या आठवड्यात यिर्मया २९:११, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला २९ वा अध्याय, ११ वं वचन, इतक्या जणांनी पाठवलं की मी मोजायचं सोडून दिलं. देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, ते वचन. वचन खरंच आहे, प्रश्न तो नाही. पण रात्री झोप येईना म्हणून आजीचं जाडजूड पवित्र शास्त्र काढलं आणि अख्खा अध्याय वाचला, तर ते निघालं एक पत्र, यरुशलेमेतून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं, आणि एकच वचन आधी, दहाव्यात, लिहिलंय की बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर! म्हणजे ज्यांनी ते पत्र ऐकलं त्यातल्या बऱ्याच जणांनी परत घर बघितलंच नसणार. मग तोवर काय करायचं? ते पाचव्या वचनात आहे, घरं बांधा, राहा, मळे लावा, त्यांचं फळ खा, आणि सातव्यात तर ज्या शहरात तुम्हाला धरून नेलंय त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. मला त्या रात्री अकराव्यापेक्षा पाचव्या वचनाने धीर दिला, कारण ते सोमवारी सकाळी उठून करता येण्यासारखं होतं. कुंडीत मेथी पेरली. हसू नका, खरंच पेरली.

तर पहिली गोष्ट ही, वचन एकटं उचलू नका, मागची दहा आणि पुढची दहा वाचा. फिलिप्पैकरांस ४:१३ घ्या, मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे, दहावीच्या परीक्षेला निम्म्या पोरांच्या कंपासपेटीत चिकटवलेलं असतं. प्रेषित पौल ते फिलिप्पैच्या मंडळीला तुरुंगातून लिहितोय आणि आधीच्या दोन वचनांत म्हणतोय की उपाशी राहणं आणि पोटभर खाणं दोन्ही मी शिकलोय. म्हणजे हे पहिला नंबर येण्याचं वचन नाहीच, नंबर नाही आला तरी उभं राहण्याचं आहे. आणि चौदावं कोणी वाचतच नाही, तिथे तो म्हणतो की तरी तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे बरं केलंत. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हातून त्याला मदत पाठवली होती आणि तो बिचारा येऊन मरणाला टेकेल इतका आजारी पडला. एवढं सगळं त्या एका वचनाच्या आजूबाजूला आहे, आणि आपण फक्त मधला तुकडा स्टिकरवर छापतो.

दुसरी गोष्ट, साठवायच्या भानगडीत पडू नका. निर्गमच्या १६ व्या अध्यायात रानात मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, पडतो ना, तो रोज त्या दिवसापुरताच गोळा करायचा असतो, काही जण हुशारी करून सकाळपर्यंत ठेवतात तर त्यात किडे पडतात आणि घाण सुटते, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा. मला हे फार पटतं. आपल्याला वाटतं रविवारी चर्चमध्ये जोरदार संदेश, म्हणजे प्रवचन, ऐकला की आठवडा निघेल. नाही निघत हो, बुधवारपर्यंत शिळं होतं. प्रभूच्या प्रार्थनेत आपण मराठीत म्हणतो, आमची रोजची भाकर आज आम्हांस दे. वर्षाचं धान्य भरून दे असं नाही म्हणत. धीर लोणच्यासारखा बरणीत टिकत नाही, तो भाकरीसारखा, रोज थापायचा, रोज भाजायचा, एखादी करपते पण.

मग रोज नेमकं किती? थोडं. उत्पत्तीपासून सुरू करून वर्षात संपवायचं असा एक जानेवारीचा संकल्प मी चार वेळा केला आणि चारही वेळा लेवीयमध्ये यज्ञांच्या नियमांत बुडाले. आता सरळ सांगते, नवीन असाल तर मार्कचं शुभवर्तमान घ्या, सोळाच अध्याय आहेत, भराभर चालतं. किंवा लोकल-बसने जात असाल तर स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ घ्या, ही पंधरा स्तोत्रं यात्रेकरू यरुशलेमेला चढून जाताना म्हणायचे असं मानतात, म्हणजे प्रवासातलीच आहेत, आणि बहुतेक छोटी. १२१ वं आठ वचनांचं, १३१ वं तर तीनच, त्यात माणूस म्हणतो की माझा जीव आईच्या कुशीत शांत पडलेल्या, दूध तुटलेल्या लेकरासारखा आहे. पिंपरी ते शिवाजीनगर एवढ्या वेळात तीन वेळा वाचून होतं. सीट मिळाली तर.

मोठ्याने वाचा हे विशेष सांगते. मी गॅसवर दूध ठेवते आणि ते वर येईपर्यंत ओट्यापाशी उभी राहून वाचते, पुस्तक डब्याला टेकवलेलं, त्यामुळे माझ्या स्तोत्रसंहितेची पानं हळदीने पिवळी झालीत. डोळ्यांनी वाचलं की मन पुढे पळतं, तोंडाने वाचलं की आपलाच आवाज आपल्या कानावर येतो आणि एखादा शब्द अडकतो. तो अडकलेला शब्द दिवसभर बरोबर ठेवायचा, बस. अख्खं पाठ करायची गरज नाही. आणि समासात पेन्सिलीने तारीख टाका. ही आजीची सवय. तिच्या पुस्तकात ४२ व्या स्तोत्राशेजारी सहा वेगवेगळ्या तारखा आहेत, बाकी एक अक्षर नाही, त्यातली एक माझ्या आजोबांच्या जाण्याच्या दुसऱ्या दिवशीची आहे. ते बघून मला जे वाटलं ते कुठल्या संदेशाने नसतं वाटलं.

४२ वं उघडून बघा कधी. त्यात हा माणूस स्वतःशीच बोलतो, हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास, आणि ४३ धरून तीन वेळा तेच विचारतो. म्हणजे एकदा सांगून त्याच्या जिवानेही ऐकलं नाही! आपलं मन आपल्याला दिवसभर काहीबाही ऐकवत असतं, इथे माणूस उलटा मनाला ऐकवतोय, हे शिकण्यासारखं आहे. आणि रडावंसं वाटत असेल तर रडणारी स्तोत्रं घ्या, उगाच स्तुतीची ओढून ताणून म्हणू नका. १३ वं सहा वचनांचं, सुरुवातीलाच चार वेळा ‘कोठवर’, आणि शेवटी गाणं. ८८ वं मात्र शेवटपर्यंत वर येतच नाही, अंधारातच संपतं. मला आधी वाटायचं हे ठेवलंय कशाला. आता वाटतं बरं झालं ठेवलं, काही रात्री तेवढंच खरं वाटतं आणि तेही देवाशीच बोलणं असतं.

भाषेचं पण सांगते. जुन्या भाषांतरातलं मराठी जड जात असेल तर लाजू नका, सोप्या भाषेतलं घ्या, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल आहे, फोनवर फुकट ॲपमध्ये मराठी मिळतं. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून अख्खं बायबल हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलं ते याच हट्टाने, की खेड्यातल्या साध्या बाईला कळलं पाहिजे. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली तरी बाईंनी ते काम टाकलं नाही, ५ एप्रिल १९२२ ला स्वतः गेल्या तोवर भाषांतर हातावेगळं केलं होतं. कळण्यासाठी एवढं कोणी केलं असताना आपण न कळता पानं उलटायची म्हणजे काय.

आता एलीया. खचल्यावर मी १ राजे १९ वाचते. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळतो आणि रानात झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देव त्याला काय देतो? लेक्चर नाही. झोपू देतो. मग देवदूत हलवून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं, खा म्हणतो. तो खातो आणि परत झोपतो! परत उठवून परत खायला. त्यानंतर चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला गेल्यावर तेव्हा कुठे बोलणं, आणि वारा, भूकंप, अग्नी सगळं होऊन गेल्यावर मंद वाणी. म्हणून उदास वाटलं की आधी बघा, जेवलात का, झोपलात का. आणि आठवड्यामागून आठवडे झोप नाही, कशातच मन नाही, जगणं नको वाटतंय असं असेल तर डॉक्टरकडे जा आणि घरच्या कोणालातरी आजच सांगा, विश्वास कमी पडला म्हणून असं होतं हे सांगणाऱ्याचं ऐकू नका. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्यच होता आणि पौलाने आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलंय, नुसती प्रार्थना कर असं नाही लिहिलं. त्याच नियमाने, अमुक रक्कम पेरा मग आशीर्वाद येईल म्हणत स्क्रीनवर क्यूआर कोड दाखवणाऱ्यांपासून पण लांब राहा, खचलेला माणूस त्यांना बरोबर सापडतो.

एकट्याने सगळं होत नाही हेही खरं. माझी नोकरी गेली तेव्हा महिला मंडळातल्या एक मावशी आल्या, पिशवीत दोन किलो बाजरीचं पीठ आणि लसणीची चटणी. बसल्या. चहा घेतला. वचन एक पण सांगितलं नाही. जाताना फक्त म्हणाल्या, गुरुवारी कॉटेज मीटिंग, म्हणजे घरातली प्रार्थनासभा, आमच्याकडे आहे, तू चपात्या लाटायला ये. मला प्रार्थनेला ये म्हणाल्या असत्या तर मी गेले नसते. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र पण पहिले सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसले तोवर छान होते, बोलायला लागले तिथे बिघडलं. नीतिसूत्रे २५:२० तर वाचाच, दुःखी माणसापुढे गाणी म्हणणं म्हणजे थंडीच्या दिवशी त्याच्या अंगावरचं पांघरूण काढून घेणं. वचन फॉरवर्ड करायच्या आधी मी हे एकदा आठवते आणि बरेचदा फोन लावते.

स्वतःला लागेल ते मागा पण. पौल शेवटच्या पत्रात तीमथ्याला लिहितो, त्रोवसला कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तकंही आण, आणि हिवाळ्याच्या आत ये. एवढा मोठा प्रेषित, त्याला थंडी वाजत होती आणि सोबत हवी होती, आणि त्याने ते लिहून टाकलं.

आणि खाडे होणारच. लेकराला ताप आला, पाहुणे आले, कंटाळा आला, आठ दिवस पुस्तक उघडलंच नाही, असं माझं महिन्यातून एकदा होतं. तेव्हा आठ दिवसांचं एकदम भरून काढायला बसू नका, कालचा मान्ना आज गोळा करता येत नाही. खूण जिथे आहे तिथून पुढे. आज रात्रीच सुरू करायचं असेल तर ४ थं स्तोत्र घ्या, आठ वचनं, दीड मिनिट, शेवटच्या वचनात तो म्हणतो की मी स्वस्थ पडून लगेच झोपी जातो. वाचा, पेन्सिलीने तारीख टाका आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून या.