सावलीतल्या जागेसाठी सदाहरित भूआच्छादन: पावसाळी लागवडीचा सल्ला

मोठ्या झाडाखाली, उंच भिंतीच्या आडोशाला किंवा दोन इमारतींमधल्या बोळात हरळीचे लॉन टिकत नाही. हरळीला दिवसाकाठी सहा तासांच्या आसपास थेट ऊन लागते. ते मिळाले नाही की ती विरळ होते आणि मोकळ्या पडलेल्या जागेत शेवाळ व तण शिरते. अशा जागी पुन्हा पुन्हा हरळी लावण्यापेक्षा सावलीत वाढणारी, बारमाही हिरवी राहणारी बुटकी झाडे लावावीत. पहिले दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती वीतभर खोल ओली झाली आणि वापसा आला (माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली) की लागवडीला हात घालावा. संततधारेत चिखल तुडवत लावलेली रोपे बहुधा पिवळी पडतात, कारण दाबलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही.

सावली कोरडी की ओली?

रोपे आणण्याआधी हे तपासावे. चांगला पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी झाडाच्या बुंध्यापासून दोन हातांवर खुरप्याने 10 सेंमी खोल उकरून पाहावे. दाट पानांच्या झाडाखाली तिथली माती बऱ्याचदा कोरडीच निघते. पाणी घेराच्या कडेने बाहेर गळते आणि आत जे थोडे पडते ते झाडाची वरची मुळे शोषून घेतात. ही झाली कोरडी सावली. भिंतीलगत, उताराच्या पायथ्याला, नळाजवळ उलट परिस्थिती असते. तिथे 30 सेंमी खोल खड्डा करून पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी साचलेले दिसले तर आधी चर काढून निचरा करावा, नाहीतर वाफा 15 सेंमी उंच घ्यावा.

ओल्या सावलीत मंडूकपर्णी उत्तम. ती धावत्या फांद्यांनी पसरते आणि प्रत्येक पेऱ्याला मूळ धरते. नेफ्रोलेपिस नेचा, पिंपळी आणि पायलियाही इथे चांगली जमतात. पिंपळीची पाने जमीन भरगच्च झाकतात, पण जवळ आधार मिळाला की ती वर चढू लागते; म्हणून खांब किंवा खोडालगत लावू नये. हेमिग्राफिसला (रेड आयव्ही) ओल आवडते, मात्र तिचा जांभळा रंग उजेडावर अवलंबून आहे. गडद सावलीत ती हिरवट व लांबुडकी होते. पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या बहुतेक जातींचेही तेच. रंगीत जाती कडेच्या उजेडात ठेवाव्यात आणि आतल्या अंधारात साधा हिरवा रंग घ्यावा.

कोरड्या सावलीत पर्याय कमी आहेत. लिरिओपे, मंडो ग्रास (ओफिओपोगॉन), क्लोरोफायटम (स्पायडर प्लांट) आणि बुटके सनसेव्हिएरिया (स्नेक प्लांट) यांच्यावरच भर द्यावा. क्लोरोफायटम व लिरिओपे यांची मुळे मांसल असतात, त्यामुळे एकदा रुजल्यावर मधली पाण्याची ओढ ती सोसतात. पहिल्या वर्षी मात्र यांनाही पाणी हवेच. झाडाखाली अगदीच अंधार असेल तर आधी खालच्या काही फांद्या छाटून तिरपा उजेड आत येऊ द्यावा. तेही शक्य नसेल तर पालापाचोळ्याचा थर देऊन जागा तशीच सोडलेली बरी.

एक गोष्ट नेहमी नजरेतून सुटते. गुलमोहरासारख्या पानगळीच्या झाडाखाली पावसाळ्यात सावली असते, पण कोरड्या दिवसांत झाड बोडके होते आणि नेमके तेव्हाच जमिनीवर ऊन उतरते. नेचा व हेमिग्राफिस अशा जागी करपतात. तिथे लिरिओपे किंवा ऱ्हिओ (ट्रॅडेस्कँशिया स्पाथेशिया) लावावे. दोन्ही ऊन-सावली चालवून घेतात.

वेडेलिया झपाट्याने पसरते म्हणून सर्रास लावली जाते. ती लावू नये. जगातल्या सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींमध्ये तिची गणना होते, आणि तुटलेल्या तुकड्यातूनही ती पुन्हा फुटते. सिंगोनियमही मोकाट सुटते. ओढ्याकाठी किंवा रानाच्या कडेला ते टाळावे. त्याच्या रसाने कातडीला खाज सुटते आणि पाळीव जनावरांनी चघळल्यास तोंड सुजते. पॅकिसँड्रा आणि अजुगा थंड हवेतल्या आहेत, उष्ण-दमट हवेत त्या गड्ड्याशी, म्हणजे बुडाशी, कुजतात. उलट जिथे हिवाळ्यात दव गोठते तिथे हेमिग्राफिस व सिंगोनियम मरते. मंडो ग्रास व लिरिओपे तग धरतात.

जमिनीची तयारी

लव्हाळा आणि हरळी आधी काढली नाही तर पुढे ती आच्छादनातून वेगळी करणे जवळपास अशक्य होते. नुसते वरून उपटून उपयोग नाही, कारण लव्हाळ्याचे गड्डे खाली शिल्लक राहतात. जागेला पाणी देऊन कोंब वर येऊ द्यावेत, गड्ड्यासकट खणून काढावेत आणि पंधरा दिवसांच्या अंतराने हेच आणखी दोनदा करावे. प्लॅस्टिक अंथरून उन्हाने माती तापवण्याची पद्धत सावलीत चालत नाही.

झाडाखाली सगळी जमीन खणू नये. अन्न घेणारी बहुतेक मुळे वरच्या 30 ते 45 सेंमीतच असतात. मुळांमधल्या मोकळ्या जागी रोपापुरते खड्डे घ्यावेत. अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागले तर ते न तोडता खड्डा बाजूला सरकवावा. वरून नवीन माती टाकायची असेल तर 5 सेंमीपेक्षा जाड थर नको, आणि बुंध्याभोवती 30 सेंमी जागा मोकळी राहू द्यावी. बुंध्याला माती चढली की साल कुजते. प्रत्येक चौरस मीटरला 4 ते 5 किलो कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत पुरते. कच्चे शेण टाकू नये. त्यातून हुमणी (मुळे खाणारी अळी) येते आणि तण उगवते.

लागवड

रोपांच्या संख्येत हात आखडता घेतला की पुढे वर्षभर खुरपणी मागे लागते. मंडो ग्रास हळू वाढते, म्हणून ती 10 ते 15 सेंमीवर लावावी. लिरिओपे, क्लोरोफायटम व हेमिग्राफिस 20 ते 25, तर नेचा 30 ते 40 सेंमीवर. चौकोनी मांडणीत 15 सेंमी अंतराला चौरस मीटरमागे 44, 20 सेंमीला 25 आणि 30 सेंमीला 11 रोपे बसतात. एकाआड एक ओळ सरकवून लावल्यास सुमारे 15 टक्के रोपे जास्त लागतात, पण जमीन लवकर झाकते. उतारावर तर अशीच मांडणी करावी, म्हणजे पाणी सरळ वाहून माती नेत नाही.

रोपे विकत घेण्याऐवजी ठोंब फोडून वाढवणे सोपे आहे. लिरिओपे किंवा मंडोचा ठोंब उपटून माती झटकावी आणि प्रत्येक तुकड्यात 3 ते 5 फुटवे व पुरेशी मुळे राहतील असे तुकडे करावेत. लांब पाने निम्मी कापावीत, म्हणजे बाष्पीभवन कमी होते. हेमिग्राफिसची 8 ते 10 सेंमीची कलमे घेऊन खालचे दोन पेरे मातीत जातील अशी, एका जागी तीन-तीन लावावीत. फुटवे जिथून निघतात तो पांढरट भाग जमिनीच्या पातळीलाच हवा. तो पुरला गेला की आतून कुजतो. पानाला हलका हिसका दिला की पान अलगद हातात येते, तेव्हा कूज लागली असे समजावे. पिशवीतल्या रोपाची पिशवी पूर्ण काढावी आणि गोल फिरलेली मुळे बोटांनी मोकळी करावीत. शेवटी रोपांच्या मधे 3 सेंमी पालापाचोळा पसरावा, तो गड्ड्याला टेकता कामा नये.

पावसाची उघडीप चार-पाच दिवसांपेक्षा लांबली तर बोट 5 सेंमी खोल घालून पाहावे आणि कोरडे लागल्यासच पाणी द्यावे. लावल्यानंतर तीन आठवड्यांनी नांग्या भराव्यात, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावावीत.

रोग आणि गोगलगाय

दमट उष्म्यात गोलाकार चट्ट्यात रोपे कोलमडू लागली तर गड्ड्याशी पांढरे धागे आणि मोहरीच्या दाण्यांसारखे तपकिरी दाणे दिसतात का ते पाहावे. ही स्क्लेरोशियम बुरशी. ते दाणे मातीत दीर्घकाळ जिवंत राहतात, म्हणून बाधित रोपे भोवतालच्या 10 सेंमी मातीसकट काढून बाहेर फेकावीत, खतखड्ड्यात टाकू नयेत. मोकळ्या जागी ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळलेले शेणखत भरावे, पाणी कमी करावे आणि पालापाचोळा मागे ओढावा.

गोगलगायींसाठी संध्याकाळी ओले गोणपाट अंथरावे. सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात आणि साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. आमिष वापरायचेच असेल तर लोह फॉस्फेटचे घ्यावे. मेटाल्डिहाइडचे आमिष कुत्र्या-मांजरांना विषारी आहे.

यातले कोणतेही झाड रोजची वर्दळ सोसत नाही. जाण्या-येण्याच्या वाटेवर लागवडीआधीच 45 ते 60 सेंमीवर सपाट दगड बसवावेत. मोठी रुंद पाने गळून बसली तर ती आठवड्याला उचलावीत, बारीक पाने मात्र खाली झिरपून खत होतात. लिरिओपेची जुनी पाने वर्षातून एकदा, नवे कोंब दिसण्याआधी, जमिनीपासून 5 ते 8 सेंमीवर कापावीत. कोंब वर आल्यावर कात्री लावली तर कापलेली टोके वर्षभर तशीच दिसत राहतात.