बर्गे आणि मोरचूद एकाच आठवड्यात नको

मृग जवळ आला की व्हाळाकाठच्या (ओढ्याकाठच्या) बागायतदारापुढे दोन कामं एकदम उभी राहतात: बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायचे आणि पोफळींवर कोळेरोगासाठी (फळं कुजवणाऱ्या बुरशीसाठी) बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची, पहिली फवारणी करायची. दोन्ही टाळता येत नाहीत. पण घाईत एकाच वेळी उरकली, तर खालच्या डोहातले मासे आणि व्हाळाचं पाणी घेणारी शेततळी गोत्यात येतात.

उन्हाळाभर अडलेल्या पाण्याच्या तळाशी पाला कुजतो आणि तिथला प्राणवायू संपतो. मग गाळातलं लोखंड पाण्यात विरघळतं. रेडी किंवा डिचोलीसारख्या खाणपट्ट्यात आणि एकूणच आपल्या जांभ्यात लोखंडाला काय तोटा! हे पाणी बाहेर पडलं की लोखंड गंजतं, तांबडा बुळबुळीत थर धरतो आणि गंजताना उरलासुरला प्राणवायूही खातो. पाण्यावर तेलकट तवंग दिसला तर काडीने ढवळून बघा. पापुद्र्यासारखा तुटला तर तो लोखंडाचा, पुन्हा सांधला तर तेलाचा.

३० अंशांच्या पाण्यात हवेतून लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. रोहू-कटल्याला ५ तरी हवा.

म्हणून मे अखेरीलाच सुरुवात करा. आधी फक्त वरचा बर्गा काढा. वरचं पाणी पातळ पसरून खालच्या दगडांवर आपटू द्या, त्या फेसातूनच हवा मिसळते. पुढचा बर्गा एक-दोन दिवसांनी. तोवर शेततळ्यात व्हाळाचं पाणी घेऊ नका. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करत असतील तर खाद्य बंद ठेवा आणि तळ्याचंच पाणी पंपाने उचलून उंचावरून तळ्यात पाडा.

मोरचुदाचं दुखणं वेगळं. त्यातलं तांबं माशाच्या कल्ल्यांनाच इजा करतं. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी हे प्रमाण पाळा. मिश्रणात कोयत्याचं स्वच्छ पातं बुडवा. तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. पंप-बॅरल धुतलेलं पाणी झाडांवरच फवारा, व्हाळात ओतू नका.

मला विचाराल तर एका बंधाऱ्यावरच्या सगळ्यांनी बसून दोन्ही कामांच्या तारखा ठरवाव्यात. दुसरी फवारणी ४० ते ४५ दिवसांनी येते. तेव्हा व्हाळ दुथडी वाहत असला तरी बॅरल धुवायला तिथे नेऊ नका.