खाडा म्हणजे नक्की काय, आणि कुठे वापरायचा

परवा ऑफिसमधल्या एका पोराने मेसेज टाकला, "सर उद्या खाडा पाहिजे". अरे बाबा, खाडा मागत नाहीत, खाडा होतो किंवा पडतो! मागायची ती रजा, अर्ज करून, ती पगारी पण असू शकते. न सांगता गायब झालास तर ती दांडी, आणि ती मारतात. खाडा हा मुळात हिशोबाचा शब्द, म्हणजे रोजचं ठरलेलं काम ज्या दिवशी झालं नाही तो दिवस, कारण काहीही असो, आणि रोजंदारीवर असाल तर त्या दिवसाचे पैसे नाहीत.

आमच्याकडे आई कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडायची, तारखेवर पेनाने फुली, महिनाअखेरीला भैय्यासमोर कॅलेंडरच काढून आणायची. कामवाल्या मावशींचं पण तसंच, ३००० पगार, ३० दिवस, ४ खाडे धरले तर ४०० कट (आई कधीच कापायची नाही, फक्त बोलून दाखवायची).

पैशाचा संबंध नसला तरी चालतो हां, "गोळ्यांना खाडा करू नका", "जिमला आठवडाभर खाडा पडला". अनेकवचन खाडे. फक्त रविवारच्या सुट्टीला खाडा म्हणू नका, ती हक्काची आहे.